मीठ, बर्फ आणि उणे एकवीस: पाण्याचा गोठणबिंदू खाली का जातो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर एप्रिलात आमच्या माळ्यावरचा लाकडी आईस्क्रीमचा पॉट खाली येतो. बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी, नागपूरच्या इतवारी बाजारातून खडेमीठ, आणि वस्तीतले झाडून सगळे पोट्टे. आईस्क्रीम होईस्तोवर हँडल फिरवणं आणि प्रश्न विचारणं, दोन्ही सुरू असतं. मग तेच प्रश्न वर्षभर फोनवर येत राहतात: कुणाचं बारावीचं गणित अडलेलं, कुणाचा कूलर, कुणाचं दूध. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करण्यापेक्षा इथे एकदा लिहून ठेवतो. सोपे प्रश्न आधी, वाकडे नंतर. तापमान सगळीकडे सेल्सियसमध्ये आहे.

१. पाण्यात काही विरघळवलं की ते शून्य अंशाला का गोठत नाही?

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. जेवून उठणारे उठताहेत, त्यांच्या जागी नवे बसताहेत. जितके उठतात तितकेच बसले, तर पंगत तेवढीच राहते. शून्य अंशाला बर्फ आणि पाण्याचं हेच चाललेलं असतं. बर्फाच्या काठावरून पाण्याचे काही रेणू सुटतात, तेवढेच पाण्यातून येऊन चिकटतात.

आता बसायला थांबलेल्या घोळक्यात बँडवाले मिसळले. त्यांना या पंगतीला बसायचंच नाही, नुसते दाटीवाटीने उभे आहेत. उठणारे पूर्वीइतक्याच वेगाने उठताहेत, पण बसायला पोचणारे कमी झाले. पंगत रोडावणारच. मीठ, साखर, युरिया, काहीही विरघळलेलं असो, ते पाण्यात बँडवाल्यांचं काम करतं. शून्याला बर्फ टिकत नाही, वितळू लागतो. बरोबरी पुन्हा साधायची तर उठणाऱ्यांचाच वेग कमी करावा लागेल, म्हणजे तापमान आणखी उतरवावं लागेल. जिथे बरोबरी होते, तो त्या द्रावणाचा गोठणबिंदू.

पुस्तकात हेच बाष्पदाबाच्या आलेखावरून सांगितलेलं असतं. परीक्षेत तेच लिहा, पंगतीला मार्क मिळणार नाहीत.

२. मीठपाणी गोठलं तर मीठही बर्फात जातं का?

नाही, आणि सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. बर्फाच्या स्फटिकात पाण्याच्या रेणूंची मांडणी इतकी ठरीव असते की मिठाच्या आयनाला (विद्युतभार असलेल्या कणाला) किंवा साखरेच्या रेणूला तिथे जागाच नसते. बर्फ वाढत जातो तो जवळजवळ शुद्ध पाण्याचा, आणि उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होत जातं.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रंगीत बर्फाची कांडी जोरात चोखून बघा. रंग आणि गोडवा भर्रकन तोंडात येतो, काडीवर उरतो तो पांढरा, बेचव बर्फ. साखर आणि रंग स्फटिकांच्या मधल्या फटींत दाट पाकासारखे साठलेले होते, ते तुम्ही ओढून घेतले.

दुसरा पुरावा कारखान्याच्या लादीत. फोडायच्या आधी एकदा नीट बघा: कडेला काचेसारखा स्वच्छ बर्फ आणि मधोमध उभी पांढरी शीर. डब्यातलं पाणी बाहेरून आत गोठत येतं. विरघळलेली हवा आणि क्षार बर्फ पुढेपुढे ढकलत नेतो, आणि शेवटी गोठतं ते मधलं पाणी. नळाच्या पाण्यातलं जे काही बर्फाला नको होतं, ते सगळं त्या शिरेत कोंडलेलं असतं.

समुद्राचं पाणी (किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार) उणे १.९ च्या आसपास गोठू लागतं. तिथेही बर्फात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे अडकून राहतात, म्हणून ताजा समुद्री बर्फ किंचित खारट लागतो. मीठ बर्फात मुरलं म्हणून नव्हे, फटीत अडकलं म्हणून.

३. किती टाकलं तर किती अंश उतरतं? सूत्र आहे का?

आहे, आणि सुटसुटीत आहे. एक किलो पाण्यात कुठल्याही विरघळलेल्या कणांचा एक मोल (डझनासारखंच मोजायचं माप, फक्त संख्या प्रचंड मोठी) असेल, तर गोठणबिंदू १.८६ अंशाने उतरतो. दोन मोल असतील तर दुप्पट. हा १.८६ पाण्याचा स्वतःचा आकडा, विरघळणाऱ्या पदार्थाशी त्याला देणंघेणं नाही.

साखरेच्या एका मोलचं वजन ३४२ ग्रॅम. तेवढी साखर एक किलो पाण्यात घातली, की गोठणबिंदू साधारण उणे १.८६. ग्लुकोजचे १८० ग्रॅमच पुरतात, कारण त्याचा रेणू हलका आणि तेवढ्या वजनात कण जास्त.

विरळ द्रावणांपुरतं हे गणित चोख चालतं. दाट द्रावणात मोजलेला आकडा वेगळा येतो, त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

४. साखर आणि मीठ, दोन्हींत जोरदार कोण?

मीठ, आणि फरक थोडाथोडका नाही. एक म्हणजे मिठाच्या मोलचं वजन अवघं ५८.४४ ग्रॅम. दुसरं म्हणजे पाण्यात मिठाचे तुकडे होतात, एक सोडियमचा आयन आणि एक क्लोराइडचा. साखरेचा रेणू पाण्यात अख्खाच राहतो. इथे मोजायचे असतात ते कण. त्यांची चव, रंग, आकार काही बघायचं नाही.

लिंबाच्या सरबताचा हिशेब करू. २०० ग्रॅम पाणी, ३० ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ. साखरेमुळे गोठणबिंदू साधारण ०.८ अंश उतरतो. त्या चिमूटभर मिठामुळे आणखी ०.३. म्हणजे एक ग्रॅम मिठाने जवळपास अकरा ग्रॅम साखरेचं काम केलं. लिंबातल्या आम्लाचाही थोडा वाटा असतो, तो इथे सोडून दिला आहे.

५. मीठ तर बर्फ वितळवतं. मग त्यानेच पॉट जास्त थंड कसा होतो?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणाऱ्याला मी आवर्जून पहिली वाटी देतो, कारण त्याला विसंगती दिसली.

उत्तर असं की थंड होतं ते वितळण्यामुळेच. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. शाळेत हिला अप्रकट उष्मा म्हणतात. नुसता बर्फ पाण्यात असला तर तो शून्यावर थांबतो. मीठ पडलं की शून्यालाही त्याला वितळणं भाग पडतं (प्रश्न १). पण बाहेरून कुणी तेवढी उष्णता पुरवत नाही. मग तो ती जवळच्यांकडूनच ओढतो: बर्फाकडून, खाऱ्या पाण्याकडून, आणि मधल्या डब्यातल्या दुधाकडून. सगळ्यांचंच तापमान शून्याखाली घसरतं. घरच्या पॉटमध्ये मी उणे १२ ते उणे १५ पर्यंत काटा गेलेला पाहिला आहे.

नुसत्या बर्फात डबा ठेवून आईस्क्रीम का होत नाही, हेही यातच आलं. दुधात साखर आहे, दुधाची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, आहे. त्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे अडीच-तीनच्या घरात जातो. शून्य अंशाचा बर्फ त्याला जन्मात गोठवू शकणार नाही, रात्रभर फिरवा.

रात्री घंटी वाजवत येणाऱ्या मटका कुल्फीवाल्याच्या मडक्यातही हेच असतं. वरून लाल फडकं, आत बर्फ-मीठ आणि त्यात रोवलेले साचे.

६. पॉटसाठी प्रमाण काय घ्यायचं? आणि खडेमीठच का?

वजनाने तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग मीठ. याहून जास्त मीठ म्हणजे पैसे पाण्यात, कारण प्रश्न ८ मध्ये आहे. बर्फ सुपारीएवढा फोडा. थर द्या: बर्फ, मीठ, बर्फ, मीठ. तळाचं पाणी पूर्ण ओतून टाकू नका. ते शून्याखालचं खारं पाणीच डब्याला चहूबाजूंनी भिडतं, कोरडे खडे फक्त टोकांनी टेकतात.

खडेमीठ घ्यायचं ते हळूहळू विरघळतं म्हणून. बारीक मीठ ओल्या बर्फावर पडलं की गठ्ठा होतो, आणि वरचा बर्फ भसकन वितळून खालचा तसाच राहतो. खडेमीठ स्वस्तही पडतं.

झाकणाची काळजी घ्या. एका वर्षी माझ्या डब्याचं झाकण किंचित वाकडं बसलं होतं. हँडल फिरवता फिरवता खारं पाणी आत गेलं. आमरसाचं आईस्क्रीम होतं, रंग सुरेख, आणि पहिला चमचा तोंडात टाकताच माझ्या आत्याने फक्त माझ्याकडे बघितलं. आता मी कडेने जाड मलमलीची पट्टी गुंडाळतो, आणि खाऱ्या पाण्याची पातळी झाकणाच्या चार बोटं खाली ठेवतो.

हात घालायचा तर हातमोजे घाला. बर्फ-मीठ एकत्र मुठीत धरायची पैज पोरं लावतात. उणे दहाच्या खाली कातडी काही मिनिटांत जळल्यासारखी होते, फोड येतात. मी ही पैज दिसली की पॉट बंद करतो.

७. कूलरच्या टाकीत बर्फासोबत मीठ टाकलं तर खोली जास्त थंड होईल का?

मे महिन्यातला सर्वांत लाडका प्रश्न. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश होते. अशा दिवशी माणसाला काहीही सुचू शकतं. पण उत्तर नाही, मुळीच नाही.

मिठाने बर्फाचं तापमान उतरतं, पण बर्फात साठलेला गारवा वाढत नाही. एक किलो बर्फ जेवढी उष्णता गिळणार, ती मीठ घातलं काय न घातलं काय, जवळपास तेवढीच. मीठ घातलं तर तो लवकर संपेल, इतकंच.

त्यात कूलर मुळात बर्फावर चालत नाही, पाणी उडण्यावर चालतो. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना २,४०० ज्यूलहून जास्त उष्णता नेतं, म्हणजे बर्फ वितळण्याच्या सातपट. दहा किलो बर्फ वितळून जेवढा गारवा देतो, तेवढा सुमारे दीड लिटर पाणी उडून मिळतो, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर तेवढं पाणी बघता बघता उडवतो. मीठ मात्र उडत नाही. ते वाळ्याच्या ताट्यांवर पांढरं पुटासारखं बसतं, छिद्रं बुजवतं, पत्रा गंजवतं आणि पंप खातं. शेजारच्या एका घरी हा प्रयोग झाला होता. पंप आठवड्यात गेला.

जुलैमध्ये कूलर का थंड करत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. तो दोष हवेतल्या ओलाव्याचा, मिठाचा नाही.

८. मीठपाण्याची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली, गोठलीच नाही. मीठ वाढवत गेलो तर पाणी कधीच गोठणार नाही का?

घरच्या फ्रीजरचं तापमान साधारण उणे १८. वजनाने ५ टक्के मीठपाणी उणे ३ ला गोठायला लागतं, १० टक्के उणे ६.६ ला, २० टक्के उणे १६.५ ला. तुमची बाटली २२-२३ टक्क्यांच्या घरात असेल तर फ्रीजर तिच्यापुढे हात टेकणारच.

पण याला तळ आहे. २३.३ टक्क्यांना उणे २१.१, त्याच्या खाली मिठाने जाता येत नाही. त्याहून जास्त मीठ घातलं, तर थंड करताना बर्फाऐवजी मीठच पाणी धरून स्फटिक होतं आणि खाली बसतं. उरलेलं पाणी पुन्हा त्याच २३.३ कडे सरकतं. उणे २१.१ ला दोन्ही एकदम गोठतात. या तळाला युटेक्टिक बिंदू म्हणतात.

"गोठायला लागतं" असं मी मुद्दाम लिहिलं आहे. शुद्ध पाणी एका तापमानाला पूर्ण गोठतं. मीठपाण्याचं तसं नाही. थोडा बर्फ झाला की उरलेलं पाणी अधिक खारट (प्रश्न २), म्हणजे त्याचा गोठणबिंदू आणखी खाली. म्हणून १० टक्क्यांची बाटली फ्रीजरमध्ये घट्ट होत नाही, तिचा चुरमुरीत लगदा होतो.

बर्फाच्या कारखान्याची सगळी युक्ती यातच आहे. मोठ्या हौदात खारं पाणी असतं. अमोनियाच्या यंत्रणेने ते उणे दहाच्या आसपास उतरवलेलं असतं, तरी पातळ असतं. त्यात साध्या पाण्याने भरलेले पत्र्याचे लांबोळके डबे बुडवून ठेवतात. हौद वाहता राहतो, डब्यातलं पाणी गोठून लादी होते.

९. शुगर-फ्री कुल्फी दगडासारखी का होते?

कारण साखर फक्त गोडव्यासाठी नव्हती. फ्रीजरमध्येही तिच्यामुळे थोडं पाणी पातळ राहायचं आणि चमचा आत जायचा. कृत्रिम गोडी देणारे पदार्थ शेकडो पटींनी गोड असतात, म्हणून चिमूटभर घातले जातात. चिमटीत कण ते किती असणार!

उपाय: दूध जास्त आटवा आणि खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. नागपुरात पाचही पुरतील.

साखर चालत असेल तर एक जुनी खुबी आहे. पाकात लिंबाचे चार थेंब टाकून मंद उकळा. आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. वजन जवळपास तेच, कण जास्त, कुल्फी मऊ.

१०. नागपुरात पाणी कधी गोठत नाही, मग गाडीत कूलंट कशाला?

खरं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तीही इथे बातमी झाली. शून्य आपण पाहत नाही. पण कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल दोन्ही टोकांना काम करतं. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असेल तर गोठणबिंदू सुमारे उणे ३७ आणि उत्कलनबिंदू १०७ च्या आसपास. रेडिएटरच्या झाकणाच्या दाबामुळे तो आणखी चढतो. वर्धा रोडवर मे महिन्याच्या दुपारी आपल्याला कामाचं आहे ते हे दुसरं टोक. शिवाय त्यात गंजरोधक असतात, ते बोअरच्या पाण्यात नसतात. बोअरच्या पाण्यात असतो तो क्षार, आणि तो नळ्यांत बसतो.

"मग शुद्ध कूलंटच भरतो" असं म्हणणारे भेटतात. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं! पाण्याला ग्लायकॉल खाली ओढतं तसंच ग्लायकॉलला पाणी. शिवाय नुसतं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहूनही नेत नाही. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा.

एक सावधगिरीची गोष्ट: ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं कुत्री चाटतात. डबा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवू नका.

११. लेहला बाइकने जातोय. मीठ सोबत नेऊ का, रस्त्यावरचा बर्फ वितळवायला?

नेऊ नका. रस्त्यावर मीठ काम करतं ते शून्याच्या थोडंच खाली असताना. उणे दहाच्या पुढे ते इतकं सावकाश आणि इतकं जास्त लागतं की अर्थ उरत नाही. तुमची चेन मात्र गंजेल.

बॅटरी बघा. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल दाट असतं, ते उणे ५० च्या खालीही टिकतं. उतरलेल्या बॅटरीत आम्लाचं जवळपास पाणीच झालेलं असतं. ते उणे आठ-दहालाच गोठतं आणि कवच फोडतं.

१२. दुधात पाणी घातलंय का, ते गोठवून कळतं म्हणे. कसं?

कळतं, आणि हा या सगळ्या शास्त्राचा मला सर्वांत आवडणारा उपयोग.

गाई-म्हशीचं दूध साधारण उणे ०.५२ ते उणे ०.५५ या अरुंद पट्ट्यात गोठतं. जात बदला, चारा बदला, आकडा फारसा हलत नाही. कारण कासेत दूध तयार होताना ते रक्ताशी समतोल राखून तयार होतं. दुधातले विरघळलेले कण आणि रक्तातले विरघळलेले कण यांची दाटी सारखी ठेवावी लागते, नाहीतर पाणी इकडून तिकडे झिरपलं असतं. म्हणून दूध आणि रक्त जवळपास एकाच तापमानाला गोठतात. दवाखान्याच्या प्रयोगशाळेतही काही यंत्रं रक्ताचा थेंब गोठवूनच त्यातल्या कणांची दाटी सांगतात. निरोगी माणसाचा आकडा किलोमागे २९० मिलिऑस्मोलच्या (हे कणांच्या दाटीचं एकक) आसपास, म्हणजे उणे ०.५४.

दुधात पाणी घातलं की दाटी कमी होते आणि गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. उणे ०.५४ च्या दुधात दहा टक्के पाणी असेल तर आकडा उणे ०.४९ च्या जवळ येतो. अंशाच्या शंभराव्या भागाची ही बाब आहे, म्हणून डेअरीत यासाठी क्रायोस्कोप नावाचं खास यंत्र असतं. घरच्या थर्मामीटरने जमणार नाही, कृपया प्रयत्न करून दूधवाल्याशी भांडू नका.

लॅक्टोमीटर घनता बघतो, आणि त्याला फसवणं सोपं आहे. साय काढली की घनता वाढते, पाणी घातलं की कमी होते, दोन्ही केलं की काटा जागच्या जागी. गोठणबिंदूला सायीचं काही पडलेलं नाही, कारण स्निग्धांश विरघळलेला नसतो (प्रश्न १३).

पण क्रायोस्कोपही फसतो. पाण्यासोबत साखर, मीठ किंवा युरिया घातला की कणांची दाटी पुन्हा जुळते. म्हणून भेसळीची तपासणी एकाच चाचणीवर सोडत नाहीत. आणि दूध आंबू लागलं असेल तर लॅक्टोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे चारपर्यंत रेणू होतात, कण वाढतात, गोठणबिंदू खाली जातो. म्हणजे पाणी घातलेलं आंबट दूध चोख वाटू शकतं. नमुना ताजाच हवा.

१३. सावजी रश्शावरची तर्री फ्रीजमध्ये घट्ट होते, खालचा रस्सा पातळ राहतो. हे त्याचंच उदाहरण का?

नाही. तर्री म्हणजे तेल, ते पाण्यात विरघळलेलंच नाही. नुसतं तरंगतं, आणि आपल्या स्वभावाने आपल्या तापमानाला घट्ट होतं. खालचा रस्सा पातळ आहे तो फ्रीज शून्याच्या वर असल्यामुळे.

यातून नियम नीट कळतो: मोजायचे ते विरघळलेले कण. हळद, बेसन, वाळू, मसाल्याची पूड पाण्यात तरंगेल किंवा तळाशी बसेल, गोठणबिंदू हलवणार नाही. स्टार्च आणि प्रथिनांचे रेणू इतके अवजड की वाटीभर घातले तरी संख्या नगण्य. त्याच रश्शातलं मीठ मात्र आपलं काम चोख करतं.

१४. प्रवासात इन्सुलिन गार ठेवायला बर्फात मीठ घालू का?

अजिबात नको. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. बर्फ-मिठात ते गोठेल, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर ठीक दिसलं तरी टाकूनच द्यायचं असतं. साधा बर्फसुद्धा थेट टेकू देऊ नका, मध्ये टॉवेल ठेवा. इथे मिठाचा गुणच अवगुण ठरतो.

१५. सूत्राने एक मोल मिठाला ३.७२ येतं, पुस्तकात ३.४ च्या आसपास दिलंय. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. दोन आयन धरून १.८६ च्या दुप्पट ३.७२. पण आयनांवर विद्युतभार असतो. सोडियमच्या आयनाभोवती क्लोराइडची गर्दी राहते, ते एकमेकांपासून पूर्ण मोकळे नसतात. परिणाम दोन कणांऐवजी जेमतेम १.८ कणांइतका दिसतो. हाच तुमच्या सूत्रातला व्हांट हॉफ गुणक.

यामागे शंभर वर्षांची गंमत आहे. चार्ल्स ब्लॅग्डेनने १७८८ मध्ये दाखवलं की मीठ वाढवलं की गोठणबिंदू त्याच प्रमाणात उतरतो. पुढे फ्रान्सच्या राउल्टने अनेक पदार्थ मोजले आणि मोलचा नियम दिला. पण मिठासारखे पदार्थ हट्टाने जवळपास दुप्पट परिणाम दाखवायचे. स्वांटे अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात विद्युतवाहक द्रावणांत पदार्थाचे तुकडे होतात अशी मांडणी केली, तेव्हा परीक्षकांनी त्याला बेताचीच श्रेणी दिली. वरच्या गुणकाला ज्याचं नाव आहे त्या डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफला १९०१ चं रसायनशास्त्रातलं पहिलं नोबेल मिळालं, अऱ्हेनियसला १९०३ चं. गोठणबिंदूचे दुप्पट येणारे आकडे अऱ्हेनियसच्या बाजूचे भक्कम साक्षीदार होते.

फॅरेनहाइटच्या मापातला शून्यही याच घराण्यातला. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान त्याने शून्य धरलं, आपल्या मापात ते उणे १७.८.

१६. कॅल्शियम क्लोराइडचे तीन आयन होतात. म्हणजे ते मिठाहून भारी ना?

मोलमागे हो, ग्रॅममागे नाही. इथे हुशार मुलंही चुकतात. मिठाचे ५८.४४ ग्रॅम दोन मोल आयन देतात, म्हणजे मोलमागे २९ ग्रॅम. कॅल्शियम क्लोराइडचे १११ ग्रॅम तीन मोल देतात, मोलमागे ३७. विरळ द्रावणात किलोभर साधं मीठच जास्त काम करतं, आणि कितीतरी स्वस्तात.

कॅल्शियम क्लोराइडची ताकद तळात आहे. मिठाचा तळ उणे २१.१, याचा उणे ५० च्या आसपास. शिवाय कोरडं कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता सोडतं. अंटार्क्टिकात डॉन ह्वान नावाचं घोट्याइतकं उथळ तळं आहे, त्यात हेच क्षार इतके दाट आहेत की उणे ५० लाही ते पातळ असतं.

१७. फ्रीजरमधली साध्या पाण्याची बाटली पातळ होती, हातात घेऊन आपटली तर झर्रकन गोठली. त्यात काय विरघळलं होतं?

काहीच नाही. हे अतिशीतन, वेगळं प्रकरण. स्फटिक सुरू व्हायला बीज लागतं, धुळीचा कण किंवा खरबरीत कडा. स्वच्छ पाणी, गुळगुळीत बाटली आणि शांतता असली तर पाणी शून्याखाली जाऊनही थांबून राहतं. अगदी बारीक शुद्ध थेंब उणे ३८ पर्यंत तग धरतात. गोठणबिंदू शून्यच आहे, फक्त सुरुवात कुणी केलेली नाही. बर्फाचा एक कण टाका, लगेच खात्री पटेल. मीठपाण्यात बर्फाचा कण टाकला तर तो वितळतो. दोन्हीतला फरक ओळखायची ही सोपी खूण.

१८. ध्रुवाकडचे मासे उणे १.९ च्या समुद्रात राहतात. त्यांचं रक्त खारट असतं का?

आपल्यापेक्षा थोडं, पण समुद्राइतकं नाही. नुसत्या क्षारांच्या भरवशावर ते गोठले असते. १९६९ च्या सुमारास आर्थर डीव्ह्रीज यांनी अंटार्क्टिक माशांच्या रक्तात एक खास प्रथिन शोधलं. ते कणांच्या मोजणीने काम करत नाही. रक्तात बर्फाचा बारीक स्फटिक तयार झाला की हे प्रथिन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि त्याला वाढूच देत नाही. म्हणून गोठण्याचं तापमान खाली जातं, पण वितळण्याचं जवळपास तिथेच राहतं. मीठ-साखरेत ही दोन्ही एकच असतात. पंगतीच्या भाषेत सांगायचं, तर हे बँडवाले बसायच्या पाटावरच ठाण मांडून असतात.

१९. काही विरघळलं आणि गोठणबिंदू वर गेला, असं कधी होतं का?

होतं, मात्र एका अटीवर: विरघळलेल्या पदार्थाला बर्फाने आत घेतलं पाहिजे. जड पाणी घ्या. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतो. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत ते वापरतात. रेणूची ठेवण साध्या पाण्यासारखीच, त्यामुळे बर्फाच्या मांडणीत ते बिनतक्रार बसतं. शुद्ध जड पाणी ३.८ अंशाला गोठतं. साध्या पाण्यात ते मिसळत गेलं की मिश्रणाचा गोठणबिंदू शून्यावरून वर चढू लागतो. जड पाणी ओळखायचं तर त्याच्या बर्फाचा एक खडा साध्या पाण्यात टाकून बघायचा. जड पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात तरंगत नाही, तळाशी जाऊन बसतो.